रीळ चौथं, एकशे ऐंशी फूट

दुबईत तुम्ही काय करायचात, असं कोणी विचारलं की मी सांगतो, सिनेमे तपासायचो. समोरच्याचे डोळे लगेच चमकतात. ह्याने काय काय बघून घेतलं असेल, असा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. त्यांची निराशा करायला मला अजून मजा येते. सतरा वर्षांत मी सिनेमे डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघितले.

हिंदी सिनेमांच्या प्रिंट मुंबईहून विमानाने यायच्या. पत्र्याच्या गोल डब्यांत एकेक रीळ, एका सिनेमाची सात-आठ रिळं. माझ्या टेबलाच्या दोन टोकांना दोन चक्र्या होत्या, मध्ये दुधी काच आणि काचेखाली ट्यूबलाइट. डावीकडची फिल्म उजवीकडे गुंडाळत न्यायची आणि तिची कड पांढरा सुती हातमोजा घातलेल्या दोन बोटांत धरायची. कडेची भोकं कुठे फाटली असली की बोटाला कळायचं. तेवढा भाग कापायचा, टोकं जुळवायची, चिकटवायची. बाहेर रस्ता भाजून निघत असे आणि मी एसीत स्वेटर घालून बसलेला असे.

कापण्याची कारणं दोन. एक, फाटलं म्हणून. दुसरं, मालकाने सांगितलं म्हणून. आमचे मालक बिपिनभाई. सिनेमा लांबला आणि दिवसाचे चार खेळ बसेनात, की ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहून दोन बोटांची कात्री करून दाखवायचे. अशा वेळी गाणं जायचं. एकदा एक पठाण टॅक्सीवाला थिएटरवरून पत्ता काढत थेट ऑफिसात आला आणि म्हणाला, "मेरा गाना किसने खाया?" त्या गाण्यासाठी त्याने तिसऱ्यांदा तिकीट काढलं होतं. मी डब्यातला तुकडा काढून त्याला काचेवर दाखवला. तो अर्धा तास वाकून त्या नटीच्या चिमुकल्या चौकटी बघत राहिला, मग माझ्याशी हात मिळवून गेला. कापलेला प्रत्येक तुकडा मी डब्यात ठेवायचो, त्यावर पांढरी पट्टी लावून रीळ आणि फूट लिहायचो. ती माझी शिस्त होती आणि मला तिचा अभिमान होता.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी छापलेले नसतात. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी वर असते आणि आवाज वाचणारा दिवा खाली, म्हणून आवाज वीस चौकटी पुढे छापतात. त्यामुळे एखादा प्रसंग कापला की त्याचं चित्र साफ जातं, पण त्याच्या सुरुवातीचा पाऊण सेकंदाचा आवाज मागे राहतो आणि पुढच्या प्रसंगावर ऐकू येतो. सहसा कोणाच्या ते लक्षात येत नाही. दाराचा आवाज, गाडीचा हॉर्न, असं काहीतरी असतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्याकडे एक सिनेमा आला. भारतात तो पडला होता, नाव सांगून कोणाला आठवणार नाही. डोंगरावरची निवासी शाळा, दहावीतली टोळी, मास्तरांशी भांडणं, चोरून सिगारेटी. टोळीत शिरायचं तर नव्या मुलाने शाळेमागच्या कोरड्या विहिरीत उतरून शंभर आकडे म्हणायचे, अशी त्यांची अट. समीर नावाचा एक घाबरट, नवा मुलगा उतरतो. आकडे म्हणत जातो, आवाज खोल जात जातो, आणि साठच्या पुढे थांबतो. मग मुलं वरून हाका मारतात. दोर ओढतात. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई हजेरी घेतात, समीरचं नाव येतं, कोणी बोलत नाही. मग त्याची आई त्याची पत्र्याची पेटी न्यायला येते. एवढं सगळं दोन मिनिटांत. पुढे टोळी सहलीच्या बसमध्ये दिसते, आणि सिनेमा बाकीच्यांची गोष्ट सांगत राहतो.

सेन्सॉरची परवानगी पूर्ण सिनेमाला मिळाली होती. कोणी एक चौकटही कापायला सांगितली नव्हती. पण बिपिनभाई दारात उभे राहिले. "प्रधान, फॅमिली ऑडियन्स है. बच्चे लोग डर जाएंगे. थोडा हलका करो ना."

मलाही ते पटलं. माझी ऋता तेव्हा चौदा वर्षांची होती. पोरांना कशाला मरण दाखवायचं, असं मला बाप म्हणून मनापासून वाटलं. आकडे थांबतात तिथे मी कात्री लावली आणि थेट बसला जोडलं. रीळ चौथं, एकशे ऐंशी फूट. जोड इतका साफ बसला की मीच दोनदा बोट फिरवून बघितलं.

पहिल्या आठवड्यात थिएटरमधल्या वर्गीसचा फोन आला. वर्गीस प्रोजेक्टर चालवायचा, मितभाषी माणूस. म्हणाला, "प्रधानजी, वो कुएंवाला लडका किधर गया?"

"क्यों?"

"पब्लिक पूछता है. नीचे गया, फिर कोई उसका नाम नहीं लेता. लेकिन बस में आवाज आता है उसके नाम का."

मी रीळ आठवलं. विहिरीवरून टोळीतल्या एका मुलाने मारलेली पहिली हाक मागे राहिली होती. बसमध्ये मुलं हसताहेत, गाणी म्हणताहेत, आणि कुठूनतरी "समी—" असं अर्धं नाव येतं. बसमधलं कोणी वळून बघत नाही. मी वर्गीसला म्हटलं, असू दे, पाऊण सेकंद आहे.

सिनेमा तुफान चालला. पोरं वीस-वीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये देऊन पुन्हा पुन्हा जायला लागली. बिपिनभाई दर आठवड्याला मुदत वाढवायचे आणि माझी पाठ थोपटायचे.

आम्ही तेव्हा दुबईच्या ऊद मेथा भागात राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. पाचव्यावर वसईचे परेरा. फिलोमिना हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर, नवरा दुसऱ्या हॉटेलात किचनला. त्यांची लिझा ऋताच्या वर्गात होती आणि आमच्याच घरी वाढली म्हटलं तरी चालेल. माझी बायको सुलभा तिच्यासाठी थालीपीठ वेगळं, जरा जळकं करायची, तिला तसंच आवडायचं. माझ्या फालतू विनोदांना जगात एकटी लिझा हसायची, तेही नाकातून फुर्र करून.

एका संध्याकाळी मी गॅलरीतून खाली बघत होतो. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पोरं बॅडमिंटन खेळत होती आणि लिझा बरोबर मधोमध उभी होती. फूल तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. एकानेही तिला बाजूला हो म्हटलं नाही. एक मुलगा धावत आला तो तिला वळसा घालून गेला, खांबाला घालावा तसा. ऋताही खेळत होती. काहीतरी नवा खेळ दिसतोय, असं म्हणून मी आत आलो आणि चहा मागितला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी आणि ऋता सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, मागून लिझा आली. ऋता दारावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. लिझा माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "काका, कॅन यू सी मी?"

पोरीने थट्टा आरंभली आहे, आपणही साथ द्यावी, असं मला वाटलं. माझा स्वभावच तसा. मी वर दिव्याकडे बघितलं, पिशवीत डोकावलो, तिच्या आरपार बघितलं आणि म्हटलं, "ऋता, कोण बोललं गं? मला तर लिफ्टमध्ये कोणीच दिसत नाही."

मी त्या फुर्रची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. ऋताचे कान लाल झाले होते. तिसरा मजला आला, आम्ही बाहेर पडलो. दार मिटताना लिझा तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. मी ऋताला म्हटलं, आज हिला काय झालंय? ऋता सरळ खोलीत गेली.

आणखी आठ दिवसांनी फिलोमिना आली. कामाचा युनिफॉर्म अजून अंगावर होता. सोफ्याच्या कडेवर बसली.

"सुलभा, तुझी ऋता काय बोलते का ग लिझाबद्दल? पोरगी ओ देत नाही. डॉक्टरला दाखवलं, कान चांगले आहेत. पण हाक मारली ना, की मागे वळून बघते. मागे कोण उभं आहे, कोणाला हाक मारतेय मी, असं."

सुलभाने तिचा हात धरला. मी ऋताच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

ऋता आधी "नथिंग, बाबा" म्हणाली. मग म्हणाली, "शी हॅज गॉन डाउन."

"कुठे?"

"डाउन, बाबा. लाइक इन द मूव्ही. इट्स अ गेम." मग तिने सगळं सांगितलं. सातव्या मजल्यावरच्या मुलांनी खेळ काढला होता. एक जण खाली गेला असं ठरवायचं. मग तो नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. थिएटरवरून सिनेमा उतरेपर्यंत. जो बोलेल तो त्याच्या जागी खाली जाणार. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात लिझाचं नाव निघालं.

"ती तुझी मैत्रीण आहे, ऋता. तू तरी बोलायचंस."

"देन आय गो डाउन." तिचा आवाज फाटला. "यू डोन्ट गेट इट, बाबा. एव्हरीबडी इज डुइंग इट. सिनेमात पण कोणी विचारत नाही ना त्याला. सगळे नॉर्मल असतात. अँड ही इज स्टिल देअर. यू कॅन हिअर हिम इन द बस. त्याला कोणीतरी बोलावतं आणि कोणी बघतच नाही."

पोरांना मरण दिसू नये म्हणून मी जे कापलं होतं, त्यात मरण फारसं नव्हतंच. त्यात हाका होत्या. हजेरी होती. एक आई होती. समीरला विचारणारं जे जे कोणी त्या सिनेमात होतं, ते सगळं मी काढून डब्यात ठेवलं होतं. आणि मग लिफ्टमध्ये त्या पोरीने मला विचारलं होतं, आणि मी तिला काय उत्तर दिलं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो. ऋता म्हणाली, "बाबा, आर यू ओके?" मी नाही म्हटलं.

त्याच सकाळी बिपिनभाईंनी ईदपर्यंत मुदत वाढवली होती. म्हणजे आणखी दोन आठवडे. एका मुलीला आपण अजून आहोत की नाही याची खात्री उरली नव्हती, आणि तिला आणखी दोन आठवडे काढायचे होते. खेळ नुसता रागावून थांबला नसता. मोठ्या माणसांनी बंद केलेला खेळ पोरं जिन्यात खेळतात. समीरचं काय झालं हे त्यांना दाखवायला हवं होतं.

गुरुवारी मी तुकड्याची गुंडाळी पिशवीत घालून थिएटरवर गेलो. वर्गीसने चौथं रीळ काढून दिलं. मी माझाच जोड उकलला आणि एकशे ऐंशी फूट परत घातले. वर्गीस म्हणाला, "सेठ को पता है?"

"नहीं."

त्याने थोडा विचार केला. "जुम्मे को सुबह दस बजे. नमाज के पहले खलास करना. यल्ला, चलो."

शुक्रवारी मी इमारतीतली अकरा पोरं घेऊन गेलो. फुकट शो म्हटल्यावर सातव्या मजल्यावरचीही आली. लिझाला विचारायला मी वर गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही, हे सरळच लिहितो. फिलोमिनाला फोन केला, ती म्हणाली, खोलीतून येतच नाही.

आठशे खुर्च्यांचं थिएटर, एसी नुकताच लावलेला, आत काल रात्रीच्या पॉपकॉर्नचा शिळा वास. पोरं मधल्या एका रांगेत बसली. मी मागे. चौथ्या रिळापर्यंत त्यांची मस्ती चालली होती, संवाद पाठ होते, ती आधीच म्हणून दाखवत होती. समीर विहिरीत उतरला तसे त्याच्याबरोबर आकडेही म्हणू लागली. एकसष्ट, बासष्ट. आवाज थांबला. पोरांनी बसमधलं गाणं म्हणायला तोंडं उघडली.

आणि वरून हाक आली, "समीर!"

पाच आठवडे अर्धं ऐकलेलं नाव पहिल्यांदा पूर्ण झालं. रांगेतली सगळी डोकी एकदम स्थिर झाली. पडद्यावरची मुलं हाका मारत राहिली. दोर वर आला, मोकळा. मग वर्ग. बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं, एकेक नाव घेतलं, एकेक "प्रेझेंट" आलं. समीर. बाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, समीर. त्या शांततेत थिएटरमध्ये फक्त एसीची घरघर आणि वर्गीसच्या मशीनची टिकटिक होती.

"लिझा," ऋता म्हणाली.

मोठ्याने नाही. हजेरी घेतल्यासारखं. मला मागे बसून स्पष्ट ऐकू आलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देणारी तिथे नव्हती. मग ती पुन्हा म्हणाली, "लिझा परेरा." सातव्या मजल्यावरचा मोठा मुलगा, ज्याने खेळ काढला होता, तो डोळ्यांवर हात घेऊन बसला. ऋता उठली, पोरांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर पडली. मी तिच्या मागे. घरापर्यंत ती चालत होती की धावत, मला सांगता येणार नाही. मला दम लागला होता एवढं खरं.

लिझाच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. ऋताने ते वाजवलं. "लिझा, इट्स मी. आय एम टॉकिंग टू यू. आय एम सॉरी."

आतून अगदी शांत, सभ्य आवाज आला, फोन उचलून चुकीचा नंबर म्हणून सांगतात तसा. "देअर इज नोबडी हिअर."

तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून फिलोमिनाने हातातला झाडण्याचा फडका धरला. ऋता दाराला टेकून खाली बसली आणि बोलत राहिली. शाळेचं, थालीपिठाचं, कोणत्या बाई कशा रागावल्या त्याचं. त्या दिवशी दार उघडलं नाही. ती रोज संध्याकाळी जाऊन बसायची. नवव्या दिवशी दार उघडलं, असं तिने घरी येऊन सांगितलं आणि आईच्या कुशीत पडून रडली.

इकडे दुपारचा खेळही पुऱ्या रिळानिशी लागला. संध्याकाळी बिपिनभाई माझ्यासमोर. "वो टुकडा किधर से आया?" मी म्हटलं, "जिधर का था, उधर गया." महिन्याचा पगार गेला, नोकरी थोडक्यात वाचली. सिनेमा ईदच्या आधीच उतरला. खेळ त्याच्याही आधी संपला होता. परीक्षा झाल्यावर फिलोमिना लिझाला वसईला आजीकडे ठेवून आली. तिकडे ती हळूहळू सुधारली, असं कळायचं. लिफ्टमधलं मी कोणालाच सांगितलं नाही, सुलभालाही नाही.

मी पुढेही पाच वर्षं कापत राहिलो, ते पोटाचं काम होतं. फक्त प्रत्येक कापानंतर मागे काय उरलंय ते थिएटरवर जाऊन एकदा ऐकून यायचो. वर्गीस हसायचा.

आता आम्ही ठाण्याला, चौथ्या मजल्यावर. दोन वर्षांपूर्वी बेल वाजली. दारात पस्तिशीच्या पुढची बाई, खांद्याला पर्स, हातात केळ्यांची फणी. "काका, ओळखलंत?" ऋताने टोरांटोहून पत्ता दिला होता म्हणे. सुलभाने थालीपीठ केलं, न सांगता जरा जळकं. लिझा बँकेत आहे, मुलगी सातवीत. सगळं बोललो, तेवढं सोडून. मी एक विनोद केला, ती हसली, पण पूर्वीसारखी नाही.

निघाली तेव्हा मी लिफ्टपर्यंत गेलो. ती आत शिरली. मला राहवलं नाही. म्हटलं, "लिझा, त्या दिवशी लिफ्टमध्ये तू मला विचारलं होतंस."

तिने दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. "मी सगळ्यांना विचारायचे, काका. वॉचमनला, किराणावाल्याला. ते हो म्हणायचे, पण ते बाहेरचे. मी ठरवलं होतं, प्रधान काका हो म्हणाले तर खरं." मग म्हणाली, "तुमच्यानंतर मी कोणाला विचारलं नाही."

"दिसत होतीस गं," मी म्हटलं. "तेव्हाही दिसत होतीस. मी थट्टा केली."

तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा बघितलं होतं तसंच. मग बटणावरचं बोट काढलं. दार मिटलं आणि ती दिसेनाशी झाली. आतून तिचा आवाज आला, "काका, मी—" आणि लिफ्ट खाली गेली.

मी खूप वेळ तिथेच उभा होतो. पुढचे शब्द काय होते ते मला माहीत नाही.